बोर्गहिल्ड बसने जाते

बोर्गहिल्डने पस्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. ऑस्लोच्या पूर्वेकडच्या आमच्या वस्तीत आजही कुणी गाडी मागे घेताना तीनदा मान वळवून बघत असेल, तर ओळखावं की हे बोर्गहिल्डच्या हाताखालून गेलेलं माणूस आहे. मीही तिच्या हाताखालून गेले. तिथून पुढे मात्र कुठेच गेले नाही. लायसन्सच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला परीक्षकाने शेरा दिला, की बसथांब्यावर नुसत्या उभ्या असलेल्या माणसासाठीही ही बाई गाडी थांबवते.

त्या दिवशी मला घरी सोडताना बोर्गहिल्ड म्हणाली, "कुंदा, थांब्यावरच्या माणसाकडे बघायचंच नसतं. तो बसची वाट बघत असतो, तुझी नाही. त्याला शांतपणे उभं राहू द्यावं." आमच्या दारात गाडी उभी करून तिने हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यासारख्यांसाठीच बस असते."

मी वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन महिन्याचा पास काढला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

पुढे तिचा नवरा ओदवार गेला आणि मोठं घर सोडून ती आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. मी तिला मनात बाई म्हणते आणि तोंडाने बोर्गहिल्ड, कारण इथे राजालाही लोक जवळजवळ नावानेच हाक मारतात. दर शनिवारी ती खाली उतरून आपली करड्या रंगाची गाडी धुवायची. पोस्टाची पेटी चारशे पावलांवर, तिथेही गाडीने जायची. "उभी राहिली की गाडी गंजते," असं तिचं म्हणणं. बस आली की तिला रस्ता द्यायची, पण त्या बसच्या आत माणसं कशी बसतात हे तिला आफ्रिकेतल्या सिंहांबद्दल जेवढं ठाऊक होतं तेवढंच ठाऊक होतं.

मग अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता बास. तिला कडेचं दिसत होतं, पण जिथे नजर लावावी तिथेच धुकं. पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की लायसन्स जमा केल्याच्या क्षणापासून गाडी चालवता येणार नाही. बोर्गहिल्ड नियमाची पक्की. ती स्वतः गाडी चालवत त्या कचेरीत गेली, लायसन्स जमा केलं आणि बाहेर येऊन मला फोन केला.

"कुंदा, मी कचेरीच्या दाराशी उभी आहे. इथून घरी कसं यायचं?"

"समोर थांबा असेल बघ."

"आहे."

"मग तिथे जाऊन उभी राहा."

मग म्हणाली, "नुसतं उभं राहायचं?"

ही झाली सुरुवात. शहरात फिरायला मेट्रो आहे, बस आहे, मी आहे. तिथे तिचं काही अडलं नाही. अडलं ते डोंगरावरच्या घरापाशी.

ते लाकडी घर तिने आणि ओदवारने दोन उन्हाळे खपून स्वतःच्या हाताने बांधलं होतं. वीज नाही, नळ नाही, संडास अंगणापलीकडे. समोर पाणी, पाण्यात एक होडी, पलीकडच्या काठावर एम्बरिक नावाच्या शेजाऱ्याचं तसंच घर. ऑस्लोहून नेसफोस स्टेशनपर्यंत चार तास, तिथून त्वेरली गाव पन्नास किलोमीटर, आणि गावातून वर चढणीचा कच्चा रस्ता नऊ किलोमीटर. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती दर सुट्टीला तिथे गेली आहे.

अशा प्रत्येक घरात एक वही असते. कोण आलं, कधी आलं, हवा कशी होती, किती मासे मिळाले, सगळं तिच्यात लिहायचं. काही घरांत ती वही नुसती शोभेला असते. बोर्गहिल्डच्या घरात ती कोर्टासारखी आहे. एकोणीसशे शहाऐंशी साली वॅफलचा साचा कुणी जाळला, यावर तिच्या दोन नणंदांचं भांडण झालं, तेव्हा वही उघडली आणि भांडण मिटलं. तोंडी बोललेलं इथे कुणी मनावर घेत नाही, पण वहीत लिहिलेलं कुणी मोडत नाही.

ओदवार गेल्यावर त्या हिवाळ्यात तिचा मुलगा तोरगेर तिला म्हणाला होता, की आता एकटीने एवढ्या लांब गाडी चालवत येऊ नकोस. तिला राग आला. रागाच्या भरात तिने वहीत लिहून ठेवलं: "ज्या दिवशी मला इथे माझं मला येता येणार नाही, त्या दिवशी हे घर विकून टाका." खाली सही आणि तारीख. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना ब्रेक लावायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःला तेवढा एक ब्रेक लावता आला नाही.

लायसन्स गेलं त्या उन्हाळ्यात तोरगेरने तिला दोनदा वर नेलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी तो तिच्याकडे कॉफीला आला. मीही होते. त्याने खिशातून फोन काढला आणि वहीच्या त्या पानाचा फोटो तिच्यापुढे धरला.

"आई, हे तुझंच अक्षर ना?"

तिने भिंग लावलं. "माझंच. कसं ठसठशीत आहे बघ."

"अगं, अक्षराचं नाही विचारत मी. छप्पर गळतंय. माझी मुलं परदेशात. मला दर पंधरा दिवसांनी सुट्टी मिळत नाही. आणि तू तर स्वतःच लिहून ठेवलंयस."

"काय लिहिलंय? वाच."

"माझं मला येता येणार नाही, त्या दिवशी..."

"त्यात गाडी कुठे आहे?"

"गाडीशिवाय तिथे जाणार कोण?"

"बस असते," बोर्गहिल्ड म्हणाली.

तोरगेर इतका हसला की कॉफी बशीत सांडली. "तू? बसने? अगं, तू बसच्या मागे राहावं लागलं तरी शिव्या द्यायचीस!"

"तेव्हा मी बाहेर होते. आता आत असेन."

तोरगेर वाईट नाही. पण तो तिचाच मुलगा, त्यामुळे त्यालाही सगळं कलमवार लागतं. तो म्हणाला, "ठीक आहे. कुणी गाडीने सोडायचं नाही, कुणी न्यायला यायचं नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी हिवाळ्यासाठी होडी पाण्याबाहेर काढायला जातोय, आणि बारा वाजता घर बघायला एक जोडपं येणार आहे. त्याआधी तू तुझी तिथे पोचून वहीत नोंद केलीस, तर घर राहील. नाही पोचलीस तर मी त्यांना किंमत सांगणार."

"सांग की. मी तिथेच बसून ऐकेन."

"आणि ही?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "ही येणार बरोबर?"

"येऊ दे. ही काही मदत नव्हे," बोर्गहिल्ड म्हणाली. "हिच्याकडे तर लायसन्ससुद्धा नाही."

तो गेल्यावर ती खिडकीशी उभी राहून तोरगेरने कचेरीपासून परत आणून खाली लावलेल्या आपल्या करड्या गाडीकडे बघत राहिली. तिला ती दिसत नसणार, पण कुठे उभी आहे ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी उलटी सुरू झाली. बाई विद्यार्थिनी आणि मी बाई. आम्ही रोज एक बस पकडायचो. पहिल्या दिवशी ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसली आणि पहिल्याच वळणावर म्हणाली, "आरसा."

"काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"वळताना आरसा बघितला नाहीस."

चार थांबे तो गप्प बसला. मग त्याने मलाच विचारलं, "ही कुठे उतरणार आहे?"

"का रे?"

"लवकर असेल तर बरं होईल."

पण ती शिकली. उतरायचं बटण दाबायला, थांबे मोजायला, तिकीट फोनवर काढायला. जिथे नीट दिसत नाही तिथे तिने मोजून घेतलं. एक मात्र शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "कुठे बसायचं ठाऊक आहे?" तर म्हणाली, "कुणाच्या शेजारी नाही. तेवढं मला कळतं."

वेळापत्रक मी आखलं. शुक्रवारी सकाळी ऑस्लोहून ट्रेन. नेसफोसहून मोठी बस, अडीच वाजता त्वेरलीच्या दुकानापाशी. तिथून वर एक छोटी बस जाते, ती फक्त शुक्रवारी आणि रविवारी, आणि तीसुद्धा आदल्या दिवशी दोनच्या आत फोन करून सांगितलं तरच. रविवारची बस दुपारी दीडला, म्हणजे आपल्या काही उपयोगाची नाही. शुक्रवारचीच धरायला हवी.

"फोन मी करते," मी म्हटलं.

"नाही. माझं मला लिहिलंय. फोनसुद्धा माझा मी करणार."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिने फोन केला. मी तिच्या दारातून निघत होते, तेवढं कानावर आलं: "हो, दोघी जणी... त्वेरलीच्या दुकानापासून... नाही, नाही, छे..." आवाज कसा मऊ, अदबशीर. मी निश्चिंत होऊन घरी आले आणि देवापुढे दिवा लावला. म्हटलं, बाबा, सगळं जुळवून आणलंयस, आता एवढी शेवटची गाठ तू मार.

शुक्रवारी ट्रेन वेळेवर, बस वेळेवर. गाडीत तिने कागदात गुंडाळलेले पाव-चीज खाल्ले, मी माझं थालीपीठ. माझे ओठ हलताना तिला जाणवले असावेत.

"काय पुटपुटतेयस?"

"नाव घेतेय."

"कुणाचं?"

"ज्याला सगळ्या गाड्यांच्या वेळा ठाऊक आहेत त्याचं."

"मग वेळापत्रक कशाला छापून आणलंस?" ती म्हणाली आणि हसली. खूप दिवसांनी हसली.

अडीचला आम्ही त्वेरलीच्या दुकानासमोर उतरलो. छोटी बस तीन वाजून दहा मिनिटांनी. तीन दहा झाले. तीन वीस झाले. पावणेचारला मी तिच्याकडे वळले.

"बोर्गहिल्ड, काल फोनवर नक्की काय बोललीस?"

"जे बोलायचं तेच. दोघी आहोत, वरच्या शेवटच्या थांब्यावर जायचंय."

"मग?"

"मग तो म्हणाला, की अजून कुणीच नाव दिलेलं नाही, तुम्ही दोघीच आहात."

"मग?"

तिने मफलर नीट केला. "मग मी म्हटलं, नाही, नाही, छे, दोन म्हाताऱ्यांसाठी एवढी गाडी कशाला पाठवता? आणखी कुणी असेल तर आम्ही त्यांच्याबरोबर बसू."

"आणि तो काय म्हणाला?"

"'बरं' म्हणाला. फार सभ्य माणूस होता."

मी तिथल्या बाकावर बसले. तीस वर्षं ह्या लोकांत काढली, तरी मला हे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. आमच्याकडे 'नको, नको' म्हटलं की ताटात आणखी एक पोळी पडते. इथे 'नको' म्हटलं की ताट उचलतात. त्यात दोष कुणाचाच नसतो. तिने सभ्यपणे गाडी नाकारली, त्याने सभ्यपणे ती पाठवली नाही, आणि दोन सभ्य माणसांच्या मधोमध आम्ही दोघी रस्त्यावर उभ्या होतो.

समोरून गाड्या मात्र एकामागून एक चालल्या होत्या. शुक्रवारची दुपार, शहरातली सगळी माणसं आपापल्या डोंगरावरच्या घराकडे निघालेली. टपावर सामानाच्या पेट्या, मागच्या काचेतून कुत्रे बाहेर बघतायत. कुत्रे आमच्याकडे बघत होते. माणसं सरळ पुढे बघत होती.

"एकसुद्धा मान वळवत नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. "तसंच शिकवलंय मी. ऑस्लोच्या गाड्या आहेत. त्यातले दोन-चार तरी माझेच असणार." आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "थांबा असा आतून बघितला नव्हता मी कधी."

कुणी थांबलं असतं, तरी तिला बसता आलं नसतंच. ठरलं होतं तसं. मी तिला म्हटलं, की गावात राहायची सोय बघू, उद्याचं उद्या बघू. तिने पाठीवर बॅग चढवली.

"अगं, नऊ किलोमीटर आहे. चढ आहे."

"माहीत आहे. माझाच डोंगर आहे."

त्या बॅगेत काय नव्हतं? एक किलो कॉफी, बटाटे, तपकिरी चीजची अख्खी वीट आणि वॅफलचा बिडाचा नवा साचा. रस्त्याची कड तिला नीट दिसत नव्हती, म्हणून दरीच्या बाजूने मी चालले. पहिले दोन किलोमीटर ती ताठ चालली. तिसऱ्यात धाप लागली. चौथ्यात ती एका दगडावर टेकली आणि मला म्हणाली, की मी दमलेली नाही, हा दगड बसायला फार चांगला आहे.

तेवढ्यात मागून एक जुनी हिरवी गाडी आली आणि शेजारी थांबली. काच खाली गेली. पलीकडच्या काठावरचा एम्बरिक. चाळीस वर्षांचा शेजार, पण दोघं एकमेकांच्या घरात तीनदा-चारदाच गेले असतील.

"फिरायला?" एम्बरिकने विचारलं.

"फिरायला," बोर्गहिल्ड म्हणाली.

"हवा बरी आहे."

"कोरडी आहे."

गाडीचं इंजिन तेवढं बोलत होतं. एम्बरिकने बॅगेकडे बघितलं.

"जड आहे का?"

"तशी नाही."

"मी वरच चाललोय."

"ते दिसतंय."

त्याला विचारायचं होतं, पण विचारणं म्हणजे तिला म्हातारी म्हटल्यासारखं. तिला सांगायचं होतं, पण सांगणं म्हणजे मागितल्यासारखं. अजून पाच मिनिटांनी तो 'बरं मग' म्हणून निघून गेला असता आणि दोघांनाही रात्रभर झोप लागली नसती. माझ्याने राहवेना.

"अरे बाबा, तेवढी बॅग तरी घेऊन जा की!"

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू देवळात शिट्टी मारली.

एम्बरिक खाकरला. "बॅग न्यायला माझी हरकत नाही. कुणाची नसेल तर."

बोर्गहिल्डने बराच विचार केला. "मी गाडीत बसायचं नाही असं ठरलंय," ती शेवटी म्हणाली. "बॅगेचं काही ठरलेलं नाही."

"मग बॅग येऊ दे."

तो खाली उतरला, बॅग पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि निघून गेला. माझ्याही हातात पिशवी होती. ती त्याला दिसली नाही, आणि द्यावी हे मला सुचलं नाही.

उरलेला रस्ता आम्ही कसा चढलो ते आता नीट आठवत नाही. दर वळणावर ती थांबायची, मी नाव घ्यायची, आणि पुन्हा चालायचो. सातच्या सुमारास, उजेड जायच्या बेतात असताना, घर आलं. पायरीवर बॅग होती, वर दव पडू नये म्हणून प्लास्टिक घातलेलं. शेजारी कुणी नव्हतं.

बोर्गहिल्डने किल्ली नेहमीच्या खिळ्यावरून काढली, दार उघडलं आणि बूट न काढता आत गेली. मी तिला असं करताना कधी बघितलं नव्हतं. ती आत गेली आणि दिवा न लावता चालत सुटली. फळीवरून काड्यापेटी घेतली, चुलीचं झाकण उचललं, मागच्या कोपऱ्यातून लाकडं घेतली, कप काढले. एकदाही हात चुकला नाही, एकदाही काही चाचपलं नाही. ऑस्लोच्या तिच्या स्वयंपाकघरात रोज एक कप फुटतो.

"इथे डोळे लागतच नाहीत गं," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "हाताला सगळं माहीत आहे."

तेव्हा मला कळलं, की रविवारी बारा वाजता नुसतं एक घर जायचं नव्हतं. ह्या एवढ्या जगात जिथे ती अजून डोळस आहे, ती एकच जागा जायची होती.

शनिवारी सकाळी तिने वही काढली. भिंग, जाड पेन, आणि एकेक अक्षर बोटभर. मी शेजारी बसून वाचत होते. "शुक्रवार. ऑस्लोहून ट्रेनने, मग बसने, त्वेरलीपासून चालत. हवा कोरडी, थंड. कुंदा बरोबर." इथे ती थांबली.

"झालं की," मी म्हटलं. "सही कर."

"बॅगेचं राहिलं."

"बॅगेचं कशाला? तोरगेर बॅगेचं विचारणार आहे का?"

"नाही विचारणार."

"मग?"

"वहीत खोटं लिहीत नाहीत."

"अगं, खोटं कुठे? फक्त गाळायचं. एवढ्यासाठी घर घालवशील?"

तिने भिंगातून माझ्याकडे बघितलं. भिंगामागे तिचा डोळा एवढा मोठा. "तू देवापुढे बसतेस तेव्हा असं गाळतेस का?"

मी गाळते. पण ते तिला सांगायला तोंड नव्हतं. तिने लिहिलं: "बॅग एम्बरिकच्या गाडीने आली." आणि सही केली. संध्याकाळी पाण्यापर्यंत गेली, होडीवरून हात फिरवला आणि परत आली.

रविवारी साडेअकराला गाडीचा आवाज आला. तोरगेर आणि त्याच्याबरोबर ते जोडपं, दोघंही तरुण, दोघांची जाकिटं कोरी करकरीत. धुराड्यातून धूर निघताना बघून तोरगेर अंगणातच उभा राहिला. आत वॅफलचा वास सुटला होता.

"कशी आलीस?" तो दारातून म्हणाला.

"वहीत आहे."

त्याने वही उघडली. ते जोडपं खिडकीशी जाऊन पाण्याकडे बघत होतं आणि भिंत पाडली तर किती उजेड येईल याबद्दल कुजबुजत होतं. तोरगेरने नोंद वाचली. मग परत वाचली. मला बघूनच समजलं, तो शेवटच्या ओळीशी अडला होता.

"बॅग एम्बरिकच्या गाडीने."

"हो."

"ही मदत झाली, आई."

मी तोंड उघडलं, पण बोर्गहिल्डने हात वर केला. "झाली," ती म्हणाली. आणि साच्यातलं वॅफल उलटलं. बाजू मांडली नाही, विनवणी केली नाही.

तोरगेर पानं मागे चाळायला लागला. आठ वर्षांची पानं. मासे, पाऊस, बर्फ, त्याच्या मुलांचं वेडंवाकडं अक्षर. त्या पानाशी थांबून त्याने मोठ्याने वाचलं, "ज्या दिवशी मला इथे माझं मला येता येणार नाही." मग आईकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चेहऱ्यावर पीठ, पायात अजून फोडांच्या पट्ट्या.

"'मला' लिहिलंय," तो म्हणाला. "'मला आणि माझ्या बॅगेला' असं लिहिलेलं नाही."

"नाही," बोर्गहिल्ड म्हणाली.

"मग बॅग कशीही येवो. त्याचा संबंध नाही." त्याने वही मिटली आणि त्या जोडप्याकडे वळला. "माफ करा, घर विकायचं नाही. आलाच आहात तर वॅफल खाऊन जा."

त्यांनी चार-चार खाल्ली. नाराज झाले असतील तर दाखवलं नाही. तीही इथलीच माणसं.

संध्याकाळी आम्ही तोरगेरच्या गाडीतून परत निघालो. परत जाण्याबद्दल वहीत काही नाही, हे त्याने आणि तिने दोघांनीही पुन्हा बघून घेतलं होतं. त्वेरलीचं दुकान मागे पडलं तेव्हा तो खुशीत म्हणाला, "आई, ऑक्टोबरमध्ये मी सुट्टी काढतो. तुला मीच घेऊन येतो वर. नऊ किलोमीटर परत चालायचं नाही हं!"

बोर्गहिल्ड पुढे बघत होती. "नाही जमणार."

"का?"

"तू आणलंस तर माझं मला आले असं होत नाही. मग घर विकावं लागेल."

"अगं आई! ते तूच लिहिलंयस! खोडून टाक."

"वहीत खोडत नाहीत."

तोरगेरने पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "जुलैत दोनदा आणलं होतं तुला. तेव्हा काय?"

"तेव्हा तू ते पान उघडलेलं नव्हतंस," ती म्हणाली.

असं तिने घर जिंकलं आणि त्याबरोबर बसही जिंकली, कायमची. याला तीन वर्षं झाली. आता ती एक्क्याऐंशीची आहे. मे महिन्यापासून बर्फ पडेपर्यंत दर दुसऱ्या शुक्रवारी आम्ही वर जातो. छोट्या बसच्या फोनवरचा तो सभ्य माणूस आता तिचा आवाज ओळखतो आणि तिने 'नाही, नाही, छे' म्हणायच्या आत गाडी लिहून घेतो, कारण तसं मी त्याला बजावून ठेवलंय. बसमध्ये बहुतेक वेळा आम्ही दोघीच असतो. ड्रायव्हरला आरशाची आठवण करून द्यावी लागत नाही, तो आधीच बघतो.

तोरगेरही येतो. त्याला आता सुट्टी मिळते, कशी कोण जाणे. शुक्रवारी सकाळी तो आमच्या इमारतीखाली गाडी लावतो, दुसऱ्या मजल्यावर चढून आईची बॅग खाली आणतो आणि पुढच्या सीटवर ठेवतो. मागची सगळी सीट रिकामी असते. "वर भेटू," तो म्हणतो. "भेटू," ती म्हणते, आणि आम्ही दोघी मेट्रोच्या दिशेने चालायला लागतो. पहिल्या वर्षी शेजारी खिडकीतून बघायचे. कुणी काही विचारलं नाही.

आम्ही पोचेपर्यंत त्याने चूल पेटवून ठेवलेली असते. चुलीबद्दल वहीत काही लिहिलेलं नाही, हे दोघांनी तपासून घेतलंय.